बारागाड्यांपुढे चालणारा माणूस

पिंपळधाब्याच्या कचरू खर्चे यांचा आवाज गावात सगळ्यांत मोठा. जन्मतः तो तसा नव्हता, गिरणीने तो मोठा केला. चक्की चालू असताना समोरच्या बाईला "बारीक दळू का जाडं?" एवढे विचारायचे तरी ओरडावे लागते, आणि उभा जन्म ओरडण्यात गेल्यावर माणूस चक्की बंद असतानाही त्याच पट्टीत बोलू लागतो. कचरूभाऊ घरात शालूबाईंना चहा मागत तेव्हा शेजारच्या घरीही आधण चढे, अशी गावात थट्टा होती. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ. त्यांचे केस खरोखर कधी पिकले ते शालूबाईंनासुद्धा सांगता आले नसते.

वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ते असे पिठात असत. उरलेला एक दिवस मात्र ते आंघोळ करून, पांढरेशुभ्र धोतर नेसून, कपाळभर भंडारा लावून गावाच्या वेशीत उभे राहत आणि त्या दिवशी त्यांना कोणी "गिरणीवाले" म्हणत नसे. तो दिवस चैत्रातल्या खंडेरावाच्या यात्रेचा, बारागाड्यांचा.

मलकापूरच्या बाजूला बारागाड्या कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत, पण लांबच्या वाचकासाठी सांगतो. बैलांच्या बारा गाड्या एकीमागे एक साखळीने बांधायच्या. बैल एकीलाही जुंपायचा नाही. सगळ्या गाड्यांमध्ये माणसे दाटीवाटीने उभी करायची. मग नवस बोललेला, उपास केलेला भगत पुढे येतो, पहिल्या गाडीला खांदा लावतो, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गडी त्याला सावरायला राहतात, त्यांना बगले म्हणतात. "येळकोट येळकोट" असा गजर उठतो आणि त्या बारा गाड्या माणसांसकट वेशीपासून देवळापर्यंत धडधडत निघतात. पिंपळधाब्याचा रस्ता किंचित उताराचा आहे. म्हणजे गाड्या निघायला जड आणि थांबायला त्याहून जड. लाकडी चाकाला कसला आला ब्रेक! म्हणून गाड्यांच्या पुढचा रस्ता साफ मोकळा लागतो.

तो मोकळा करण्याचा मान खर्च्यांच्या घराण्याचा. आजा करी, मग बाप तोताराम करी, आणि तोताराम थकल्यापासून कचरूभाऊ करत आले. मान म्हणजे काय, तर घरातली जुनी तलवार हातात घेऊन गाड्यांच्या पुढे पुढे चालायचे, ती हवेत डावी-उजवी फिरवायची आणि "हटा बाजूले! हटा!" असे ओरडत गर्दी मागे सारायची. त्या तलवारीने कांदा चिरला नसता. तिची मूठ सुताने बांधलेली होती आणि पाते मध्येच जरा डावीकडे झुकलेले होते. तरी ती फिरली की लोक मागे सरत आणि कचरूभाऊंना वाटे, या बारा गाड्या आपणच चालवतो आहोत.

या वर्षी मात्र गोष्ट निराळी झाली. मागच्या साली लांबच्या एका गावात अशाच यात्रेत एक माणूस चाकाखाली आला. जीव वाचला, पण पाय गेला. त्यामुळे ठाणेदारांनी हद्दीतल्या सगळ्या यात्रा समित्यांना आधीच अटी कळवल्या. पिंपळधाब्याच्या समितीचा अध्यक्ष म्हणजे भगत कडूबाच. अंगाने आडवा, स्वभावाने मऊ. त्याने देवळाच्या ओट्यावर बसून अटी वाचून दाखवल्या. ठरलेल्यापेक्षा जास्त माणसे गाडीत चढवायची नाहीत. रुग्णवाहिका उभी ठेवायची. भोंगा वेळेत बंद करायचा. इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मिरवणुकीत कोणतेही शस्त्र, तलवार, भाला, लाठी बाळगता येणार नाही," कडूबाने पुढे वाचले. "गाड्यांच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना पुरेशी जागा मोकळी ठेवावी. न ठेवल्यास गाड्या आहेत त्या जागी थांबविण्यात येतील व पुढील वर्षी परवानगीचा विचार होणार नाही."

सगळ्यांनी कचरूभाऊंकडे पाहिले.

"ते दुसऱ्याइसाठी हाय," कचरूभाऊ म्हणाले. "आपली तलवार काय शस्त्र हाय का? देवाचं सामान हाय ते."

"कचरूभाऊ, कागदावर देवाचं नाव नाई ना लिवलं."

"मंग मी जाऊन लिवून आनतो!"

दुसऱ्या दिवशी ते खरोखर निघाले. आणि निघताना त्यांनी ती गोष्ट केली, जी त्यांच्यासारखा सरळ माणूसच करू जाणे. परवानगी तलवारीची मागायची, तर तलवार दाखवायला नको का, असा हिशेब करून त्यांनी ती खाटेखालून काढून बरोबर घेतली. शालूबाईंनी पोते पुढे केले, "गुंडाळून तं न्या."

"लपवून नेली तं चोरी. उघडी नेली तं काय हाय?" असे म्हणून ते फाट्यावर आले आणि माणसांनी भरलेल्या रिक्षात, दोन गुडघ्यांच्या मध्ये तलवार उभी धरून बसले.

"कोनाले कापाले चालले, कचरूभाऊ?" रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारले.

"ठाण्यात चाललो."

"हजर व्हाले का?"

रिक्षा हसली. मागे बसलेल्या एका म्हातारीने आपली कोंबडी मात्र दुसऱ्या मांडीवर घेतली. बाजारपेठेतून ते चालत गेले, तेव्हा भाजीवाले, कापडवाले, चहावाले सगळे मान वळवून पाहत राहिले. कचरूभाऊंना वाटले, यात्रेची चर्चा इथपर्यंत आलेली दिसते.

ठाण्याच्या दारावरचा शिपाई त्यांना पाहून स्टुलावरून ताडकन उठला. आत यात्रा-मिरवणुकांच्या परवानग्यांचे टेबल हवालदार धम्मशीला तायडे यांच्याकडे होते. बाई उंच, सावळ्या, बोलायला धीम्या. लेखणी हातात धरूनच त्यांनी वर पाहिले आणि कचरूभाऊंकडे, मग तलवारीकडे, मग पुन्हा कचरूभाऊंकडे पाहिले.

"हे काय आणलं?"

"तलवार, मॅडम."

"ते दिसून राह्यलं मले. काऊन आणली?"

"हिची परवानगी पाहिजेन. गहू पाहिल्याबिगर कोनी दयन घेते का? म्हनून दाखवाले आनली."

धम्मशीलाबाईंनी लेखणी खाली ठेवली. "नाव काय तुमचं?"

"कचरू तोताराम खर्चे, पिंपळधाबा. बारागाड्याइपुढं मी चालतो."

"कचरूभाऊ, जिल्ह्यात शस्त्रबंदी लागू आहे. म्हणजे अशी वस्तू घेऊन चारचौघांत फिरायचं नाही. तुम्ही घरून निघाले, रिक्षात बसले, अख्खा बाजार ओलांडला अन् थेट ठाण्यात आले. शस्त्रबंदी मोडणारा माणूस आम्ही गल्लोगल्ली शोधतो. इतका सोपा आजपर्यंत कोणी सापडला नव्हता."

"पर मी उघडी आनली नं! लपवली असती तं गोष्ट वेगळी."

दाराजवळचा शिपाई तोंड फिरवून भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागला. आतल्या खोलीतून ठाणेदारांचा आवाज आला, "कोण ओरडतंय हो तायडे?"

"ओरडत नाहीत सर, बोलतात. यात्रेचे स्वयंसेवक आहेत." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आता ऐका. दोन रस्ते आहेत. एक, तुम्ही तलवार घेऊन सापडले. दोन, तुम्ही ती स्वखुशीने जमा करायला आले. कोणतं लिहू?"

कचरूभाऊंनी तलवारीकडे पाहिले. "स्वखुशीनं," ते म्हणाले.

"मग जरा खुश दिसा."

तलवार जमा झाली. पावती मिळाली. पण धम्मशीलाबाईंनी आणखी एक कागद पुढे ओढला. ते हमीपत्र होते. मार्ग मोकळा ठेवण्याची जबाबदारी कोणा एकाने घ्यायची होती आणि पिंपळधाब्याच्या अर्जात ती जागा कडूबाने कोरी सोडली होती.

"गाड्यांपुढे चालून रस्ता मोकळा कोण करतो म्हणाले तुम्ही?"

"मीच. पर तलवार असली तं..."

"रस्ता तुम्ही मोकळा करत होते, का तलवार?"

कचरूभाऊंनी जमा झालेल्या तलवारीकडे एकदा पाहिले. मग त्यांनी सही केली. बाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा दोन गुडघ्यांच्या मध्ये हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. तलवार गेली ते एक. पण आता कागदावर लिहून दिलेले होते. रस्ता मोकळा राहिला नाही तर गाड्या थांबणार, पुढच्या साली परवानगी मिळेल की नाही कोण जाणे, आणि गाव म्हणणार, तोतारामाच्या पोराने बारागाड्या बंद पाडल्या. आज्यापासून चालत आलेला मान आपल्या सहीने संपायचा.

घरी शालूबाईंनी विचारले, "तलवार कुठी हाय?"

"जमा केली."

"बरं झालं. दरसाली खाटेखालून काढाले मलेच वाकाव लागे." पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्या थांबल्या आणि न मागता चहा ठेवला.

रस्ता मोकळा ठेवायचा म्हणजे दोर बांधायचा, असे समितीने ठरवले. पाडव्याला देवाची पालखी निघते, तेव्हा दोराची रंगीत तालीम घ्यायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गावातली धट्टीकट्टी पोरे जाड दोर धरून उभी राहिली. कचरूभाऊ मध्ये, हातात शिट्टी. पाहणीसाठी धम्मशीलाबाई स्वतः आल्या होत्या.

पालखी निघाली आणि दोर धरणारी पोरेच पालखी पाहायला वळली. मागच्या लोकांनी रेटा दिला. दोर पोटाशी आला, मग गुडघ्याशी, मग जमिनीवर. शेवटी देवळाजवळ चार म्हातारे त्या दोरावरच मांडी घालून बसले, जमिनीपेक्षा तो मऊ लागत होता म्हणून. कचरूभाऊंनी शिट्टी वाजवली तर लोकांना वाटले, पालखी आता नाचवायची आहे. सगळे आणखी पुढे आले.

गर्दी पांगल्यावर धम्मशीलाबाई म्हणाल्या, "अहवालात काय लिहू, कचरूभाऊ?"

"लिवा, दोर मजबूत होता."

"अन् रस्ता?"

"रस्ता... नव्हता."

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "हे पाहा, गाड्या थांबवायची मले काही हौस नाही. माझ्या माहेरच्या गावीही गाड्या ओढतात. लहानपणी मी मामाच्या गाडीत उभी राह्यली आहे. पण चाक कोणाच्या पायावर आलं तर परवानगीचा कागद मध्ये घालता येत नाही. यात्रेच्या दिवशी असं दिसलं तर सर वेशीतच थांबवतील, अन् मी त्यांना थांबवा म्हणूनच सांगेन."

हे बोलणे कचरूभाऊंना लागले, कारण ते खरे होते. पुढचे काही दिवस त्यांचे गिरणीत लक्ष लागेना. गव्हात ज्वारी दळली गेली. एका बाईने पीठ परत आणून त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "यात्रा कराची तं यात्रा करा, दयन कराचं तं दयन करा."

एका सकाळी शालूबाईंनी नेहमीप्रमाणे गिरणीपुढे शेणाचा सडा घातला. त्या दिवशी शेण ताजे आणि भरपूर होते. अंगणाचा बराच भाग हिरवागार ओला झाला. कचरूभाऊ चक्कीचा पट्टा चढवता चढवता दाराबाहेर पाहत होते. दळण घेऊन पहिली बाई आली, ओल्याला वळसा घालून कडेकडेने आत आली. मग शाळेचे मास्तर आले. बूट चकचकीत. त्यांनी ओल्यावरून उडी मारायचा विचार केला, अंदाज घेतला आणि वळसा घातला. मग डोक्यावर ज्वारीचे पोते घेतलेला एक गडी आला. एवढे ओझे डोक्यावर असूनही तोसुद्धा फिरून आला. कुत्रेसुद्धा फिरून गेले.

कचरूभाऊंनी चक्की बंद केली. "शालू!" असे ते ओरडले की समोरच्या घरातून शालूबाईंची जाऊ धावत आली.

"काय झालं?"

"तुले नाई, शालूले हाक मारली! अवं शालू, कोनी बी ओल्यात पाय नाई टाकत!"

"कोन टाकीन? शेन हाय ते," शालूबाई म्हणाल्या.

तसे पाहिले तर गाड्या निघण्याआधी रस्त्यावर सडा घालायची रीत होतीच. बायका दुपारी मधोमध दोन हात सडा टाकून घरी जात आणि चैत्राच्या उन्हात तो घटकेत वाळून जाई. कचरूभाऊंच्या मनात आले, मधला रस्ता कोरडा ठेवायचा आणि सडा दोन्ही कडांना घालायचा, चांगला रुंद आणि चिखलासारखा दाट. पण वाळण्याचे काय? आणि एवढे शेण कुठून आणायचे? गावात ट्रॅक्टर आले तशी गुरे कमी झाली.

गुरांचा विषय निघाला की गावात एकच नाव पुढे येई, वच्छलाबाई. दुधाचा धंदा, गोठाभर म्हशी आणि बचत गटाची अध्यक्ष. कचरूभाऊ तिच्या गोठ्यात गेले तेव्हा ती धार काढत होती. तिने मान न वळवता सगळे ऐकून घेतले.

"शेन देते," ती म्हणाली. "गटातल्या बाया अजून गोया करतीन. सडा बी घालू. पर वाळन तं पुन्हा पुन्हा टाकाव लागन. तव्हा बादल्या घेऊन कोन उभं राहीन?"

"तुमीच राहा."

"कुठी?"

"रस्त्याच्या कडेले. ओल्याच्या लगत."

आता मात्र वच्छलाबाईने मान वळवली. "म्हंजे सगयाइच्या म्होरं?"

कचरूभाऊंच्या तेव्हा लक्षात आले. आजवर गावातल्या बायकांनी बारागाड्या पाहिल्या त्या माळवदावरून, नाहीतर पुरुषांच्या पाठींच्या फटीतून. पहिल्या रांगेत बाई कधी उभी राहिली नव्हती. मनाई अशी नव्हती. गर्दीतला रेटाच तसा असे.

"सडा आमचा, तं पहिली रांग आमची," वच्छलाबाई म्हणाली. "कबूल असन तं बोला, नाई तं म्हशीले पानी दाखवाचं हाय मले."

"कबूल," कचरूभाऊ म्हणाले. एवढ्या मोठ्याने म्हणाले की म्हशीने बादलीला लाथ मारली.

समितीत थोडी कुरकुर झाली. "बायका पुढं, मंग आमी काय त्याइचे पदर पाहाव का?" असे कोणीतरी म्हणाले. कडूबाने शांतपणे विचारले, "तू बादली धरशीन का, शेनाची?" तो विषय तिथेच संपला.

एक शंका मात्र कचरूभाऊंना खात होती. त्यांनी धम्मशीलाबाईंना फोन लावला. "मॅडम, शेनाची बादली शस्त्रात मोडते का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आदेशात दगड आहेत, अन् फेकायच्या वस्तू आहेत. म्हणजे फेकायचं नाही कोणावर. जमिनीवर टाकायला बंदी दिसत नाही." मग त्यांनी सगळा बेत नीट विचारून घेतला आणि दोन गोष्टी सुचवल्या. देवळाजवळ एका ठिकाणी सड्याचा पट्टा कोरडा सोडायचा, रुग्णवाहिकेला आत यायला वाट म्हणून. आणि पट्ट्याची आतली कड चुन्याने आखून घ्यायची, नाहीतर ओल मध्ये सरकेल आणि भगतच घसरेल. "कडूबा पडले तर बारा गाड्या त्यांच्यावर. ते पहिलं पाहा." कचरूभाऊंच्या हे ध्यानात आले नव्हते. त्यांनी फोन ठेवला आणि चुना आणायला माणूस पाठवला.

यात्रेच्या दिवशी ऊन कलल्यावर वेशीपासून देवळापर्यंत दोन हिरवे पट्टे तयार झाले, मध्ये कोरडी पांढरी वाट. पट्ट्यांच्या लगत गटातल्या बाया नव्या लुगड्यांत, पायाशी बादली, हातात प्लास्टिकचा मग, अशा ओळीने उभ्या. त्यांच्यामागे सगळा गाव आणि पंचक्रोशी. ठाणेदार आले. वास आल्यामुळे त्यांनी आधी नाकाला रुमाल लावला. मग रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि रुमाल खाली घेतला.

"ही कल्पना कोणाची?"

"तीन-चार माणसांची मिळून आहे सर," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "सही यांची आहे."

कचरूभाऊ वेशीत उभे होते. धोतर पांढरे, कपाळी भंडारा, हात रिकामे. ते हात एकदा कमरेवर गेले, एकदा पाठीमागे गेले, शेवटी त्यांनी ते जोडूनच धरले. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "कचरूभाऊ, मत मागाले आले का बे?" सगळे हसले. कचरूभाऊही हसले.

कडूबाने पहिल्या गाडीला खांदा लावला. बगल्यांनी दोन्ही बाजूंनी धरले. भंडारा उधळला, गजर झाला आणि लाकूड करकरले. गाड्या हलल्या. त्याच क्षणी दरसालाप्रमाणे मागून रेटा आला. कचरूभाऊंनी तो डोळ्यांनी पाहिला, लाट यावी तसा. आणि तो पट्ट्याच्या काठाशी येऊन थांबला. पांढरे बूट, नव्या चपला, इस्त्रीच्या विजारी, सगळे एका रेषेत थबकले. मागचे ढकलत होते, तर पुढचे मागे ओरडत होते, "ओय, ढकलू नको, शेन हाय!" पिंपळधाब्यात आजवर नुसत्या "हटा"ला जे जमले नव्हते ते आता गर्दी स्वतःच स्वतःला बजावून करत होती.

पाराजवळ मात्र कसोटी आली. तालुक्याचे एक पुढारी, कडक खादीतले, चार कार्यकर्ते घेऊन उशिरा पोहोचले. फोटो गाड्यांसमोरच निघायला हवा होता. एका कार्यकर्त्याने विजार वर धरून एक पाय पट्ट्यात टाकलाही. गाड्या वेगात येत होत्या. कचरूभाऊ पुढे धावले, पण त्यांच्याआधी वच्छलाबाईने वाकून हातातला मग बादलीत भरून घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "या साहेब, या न. मधातच उभे राहा. मले तं आता इथंच टाकाचं हाय."

खादी दोन पावले मागे गेली. कार्यकर्त्याचा पाय मात्र घसरला आणि तो पट्ट्यावरच बसला, मग चार पायांवर मागे रांगला. आसपासच्या बाया एवढ्या हसल्या की दोघींच्या हातचे मग सांडले. त्यानंतर देवळापर्यंत गर्दीतल्या कोणी पट्ट्यात पाय टाकला नाही.

कचरूभाऊ गाड्यांपुढे चालत होते आणि त्यांना काही करावेच लागत नव्हते. डावीकडे पाहावे तर रस्ता मोकळा, उजवीकडे पाहावे तर मोकळा. तेव्हा त्यांनी मान मागे वळवली. इतक्या यात्रांत त्यांचे तोंड सदा गर्दीकडे असे. गाड्या त्यांना ऐकू येत, दिसत नसत. आता त्यांना कडूबाचा लालबुंद चेहरा दिसला, मिटलेले डोळे दिसले, त्याच्या मागे एकीमागे एक डुलत येणाऱ्या गाड्या, त्यांतली हात उंचावलेली माणसे, पिवळ्या धुळीत बुडालेली शेवटची गाडी. त्यांना वाटले, अरे, हे असे असते होय! पहिल्या रांगेतल्या बायांच्या चेहऱ्यांवरही नेमके तेच होते. शालूबाई त्यांच्यात होत्या. बादली विसरून त्या टाळ्या वाजवत होत्या.

कचरूभाऊ तसेच उलट्या पावलांनी, पाहत पाहत चालू लागले.

"अवो, पाय! पाय!" बायांनी एकदम आरडा केला.

उशीर झाला होता. पांढरे धोतर पोटरीपर्यंत हिरवे झाले. गाड्या त्यांच्या बाजूने सुखरूप गेल्या आणि देवळाच्या पायरीजवळच्या लहानशा चढावर येऊन सावकाश थांबल्या. कडूबा खाली बसला. बगल्यांनी त्याला पाणी पाजले. चाकाखाली कोणाची चप्पलसुद्धा आली नव्हती.

संध्याकाळी देवळाबाहेर धम्मशीलाबाई अहवाल लिहीत बसल्या होत्या. ठाणेदारांनी जाण्याआधी सांगितले होते, पुढच्या सालचा अर्ज वेळेत आणा, नाव आत्ताच ठरवून ठेवा. म्हणून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "पुढच्या वर्षी मार्गाची हमी कोण घेणार?"

कचरूभाऊ हापशावर पाय धूत होते. त्यांनी हापशाचा दांडा सोडला.

"गटाचं नाव लिवा," वच्छलाबाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "अन् त्याच्या खाली ह्याइचं लिवा. गाड्याइच्या म्होरं ह्याइनंच चालाव. पर शेन गोया कराचं काम बी आता ह्याइचंच. घरोघर फिरून."

कडूबा हसला. शालूबाई म्हणाल्या, "लिवा, लिवा. लय हौस हाय त्याइले पुढं व्हायाची."

कचरूभाऊंनी पुन्हा दांडा मारून दुसरा पाय धारेखाली धरला. चेहरा असा फुलला होता की लपवणे शक्य नव्हते. त्यांनी मान वर करून विचारले, "कडूबाच्या दोन म्हशीइचं शेन धरलं का त्याच्यात?"